पर्वतसिंगची ताकद आणि तुझा डावा हात

सदू,

तू गेलास त्याला आज नववा दिवस. शेवंता वहिनी एकच गोष्ट विचारते आहे, येईल त्याला विचारते. "त्याईनं तुमाले काही सांगतलं होतं का? दुखते म्हणून? जीव घाबरते म्हणून?" तुझ्या भावाला विचारून झालं, शेजाऱ्यांना झालं, परवा मला विचारलं. मी खाली पाहून म्हटलं, "नाही वहिनी." तेव्हापासून तुझ्या दारासमोरून जायचं मी सोडलं. मागच्या बाजूने, नालीच्या कडेने जातो, आणि तिथूनही तुझ्या घराची कौलं दिसली की पाय भराभर पडतात. लोकांना वाटतं म्हातारा दुःखात आहे. दुःख आहेच. पण दुःखाच्या वर भीती आहे, आणि ती मोठी आहे.

समाजाच्या मासिकाचे लोक येऊन गेले. म्हणाले, तुम्ही त्यांचे मागावरचे जोडीदार, दोन शब्द तुम्हीच लिहा. माझा रमेश म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहून देतो." मी म्हटलं, मी तिसरी शिकलो असेन, पण माझ्या जोडीदाराबद्दल माझ्याच हाताने लिहीन. तर लिहितो आहे. जन्म कुठे झाला, मुलंबाळं किती, स्वभाव मनमिळाऊ, असलं काही लिहिणार नाही. मनमिळाऊ तू नव्हतासच. उभा जन्म माझ्याशी एका माणसावरून भांडलास, आणि तो माणूस खराही नव्हता.

पर्वतसिंग.

मासिक वाचणाऱ्यांना सांगावं लागेल, तू जरा थांब. पर्वतसिंग हा हिंदी कॉमिकमधला पहिलवान. आम्ही जवान होतो तेव्हा वरठीच्या स्टेशनावर त्याची पुस्तकं मिळायची. महिन्यातून एकदा आम्ही मोहाडीवरून सायकल काढायचो. पायडल मारायला मी, मागे सदू. परत येताना तो मागे बसून वाचायचा आणि मी पायडल मारत ऐकायचो, कारण हा सातवी शिकलेला आणि मला तेव्हा जोडाक्षर आलं की घाम फुटायचा. आणि हा लबाड वाचताना वाढवून सांगायचा. पर्वतसिंगने दोन गुंड मारले तर हा पाच सांगे. एकदा मला चित्रात दोनच दिसले. त्या दिवसापासून मी हट्टाने वाचायला शिकलो, फक्त याची लबाडी पकडायला. माझ्या शिक्षणाचं श्रेय कुठल्या मास्तरला नाही, याच्या खोटेपणाला आहे.

मागाचंही सांगतो. करवती किनारीचं पातळ एकट्याने विणता येत नाही. तीन धोटे चालतात. मधला धोटा आणि उजव्या किनारीचा धोटा माझा, डाव्या किनारीचा सदूचा. मधला धागा किनारीच्या धाग्यात अडकवायचा, मग फणी मारायची. एकाने हात उशिरा दिला तर किनारीत फट पडते, करवतीचा दात चुकतो. म्हणून डोळे कायम किनारीवर. बोलायचं तेही एकमेकांकडे न पाहता. आमची सगळी भांडणं अशीच झाली, किनारीकडे पाहून.

आता तुझ्याशी बोलतो.

पहिल्या पुस्तकातला पर्वतसिंग तुला आवडायचा, आणि मला त्याचा राग यायचा. तो खदानीतला मजूर. पूर येतो, घर पडतं, आढं त्याच्या आईच्या अंगावर येतं. तो उचलायला जातो आणि त्याच्याने उचलवत नाही. आई मरते. मग तो रोज पहाटे तेच आढं उचलायचा सराव करतो. पुढच्या पुस्तकांत फार तर चिखलात रुतलेली भरली बैलबंडी काढायचा. गोळी लागली तर दवाखान्यात जायचा. एक अख्खं पुस्तक तर तो खाटेवर होता, आठवते? मी चिडून ते पुस्तक नालीत फेकलं होतं आणि तू काढून, धुऊन, दोरीवर वाळवलं होतंस. "हे पाय," तू चित्रावर बोट ठेवून म्हणायचास, "बंडी उचलताना कपाळावर घाम काढला आहे. घाम दिसते तोपर्यंत माणूस खरा."

मग पुस्तकं रंगीत झाली आणि पर्वतसिंग वाढायला लागला. त्याने छातीने रेल्वेचं इंजिन थांबवलं. गोळ्या अंगावरून टणटण पडू लागल्या. मी खूश. आपणही तेव्हा भरात होतो. सकाळी बसलो की दिवेलागणीपर्यंत उठत नव्हतो, सुताचं गाठोडं एका हाताने खांद्यावर घेत होतो. मला वाटायचं, बरोबर आहे, माणूस असाच वाढत जातो. तू मात्र किनारीच्या नकाशाचा चौकड्यांचा कागद घेतलास आणि त्याच्यावर पर्वतसिंगची ताकद मांडायला बसलास. कागदाच्या एका घराला एक बंडी. आढं अर्धं घर. इंजिनाला किती घरं द्यायची यावर आपण दोन दिवस भांडलो. पुढे त्याने धरण उचललं, मग डोंगर, मग एका पुस्तकात चंद्र ढकलून जागेवर बसवला. चंद्र आला तेव्हा कागद संपला, तर तू भिंतीवर कोळशाने रेघ आढ्यापर्यंत नेलीस. वहिनी ओरडली होती, "भिंत आताच पोतली होती ना बावा, हे काय करून राहिले!"

"चंद्र उचलून राहिला तुहा दीर," तू माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणालास.

धरणाच्या पुस्तकावर तर तू पेटलाच होतास. तुझ्या बहिणीचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाणार हे तेव्हा ठरलेलं होतं. "एवढं मोठं धरण उचललं बे यानं," तू म्हणालास, "मंग पाणी कोठी गेलं? खालच्या गावाचं काय झालं? एक चित्र तरी काढाले पायजे होतं." मी म्हटलं, कॉमिक आहे गा. तू म्हणालास, "कॉमिक आहे म्हणूनच तर चित्र काढाले पायजे होतं."

तुझं गणित तुझ्या डोक्यात पक्कं होतं. तुझं म्हणणं, ताकद पर्वतसिंगची नाहीच, वाचणाऱ्याच्या भुकेची आहे. एकदा इंजिन थांबवलं की पुढच्या महिन्यात इंजिन थांबवून कोणी टाळी वाजवत नाही. मग लिहिणाऱ्याला मोठा राक्षस आणावा लागतो, आणि मोठा राक्षस आणला की पर्वतसिंग मोठा करावा लागतो. असं करत करत उचलायला काही उरत नाही. "मंग त्याले खाली आणाच लागते," तू म्हणाला होतास. मी म्हटलं होतं, शक्य नाही. एकदा चंद्र हलवलेला माणूस खाली येत नाही.

आणि तो आला. आपला जिल्हा तुटून अर्धा गोंदियाकडे गेला, त्याच सुमाराला पर्वतसिंगचं "नवीन जन्म" म्हणून पुस्तक निघालं. नवीन लिहिणारा, नवीन चित्रकार. पर्वतसिंगला मागचं काही आठवत नाही, उडता येत नाही, जिना चढताना धापा टाकतो. पहिल्याच पानावर त्याला भीती वाटते असं लिहिलं होतं. तू पोट धरून हसलास. "जिल्ह्याचीही ताकत गेली, याचीही गेली. गोंदियाले घेऊन गेले वाटते!" आणि भिंतीवरची रेघ तू तिथून सरळ खाली, जमिनीपर्यंत ओढलीस.

मला हसू आलं नाही. मला त्या पुस्तकाची भीती वाटली होती, आज लिहितो. तेव्हा म्हटलं, ही बदमाशी आहे. माझं म्हणणं, पर्वतसिंगमध्ये सगळी ताकद पहिल्या दिवसापासून होती. बंडी उचलतानाही चंद्र उचलायची ताकद त्याच्यात होती. दाखवत नव्हता. आताही आहे. लपवून ठेवली आहे.

तू किनारीवरून नजर न काढता विचारलंस, "मंग माय काहून मेली त्याची?"

मी फणी मारली.

"ताकत होती अन् आढं उचललं नाही? मंग तो पहिलवान नाही, मारोत्या. मंग तो हरामखोर आहे."

याचं उत्तर मी कितीतरी वर्षं शोधलं. पुस्तकं निघायची बंद झाली, वरठीचं ते दुकान गेलं, तरी मी आपला म्हणतच राहिलो, होती, होती, लपवली होती. हरायचं नाही म्हणून म्हणत राहिलो. तू दर वेळी तेच विचारायचास आणि मी दर वेळी फणी जोरात मारायचो.

आता तो दिवस लिहायचा आहे. 

दुपार होती. किनार दोन-तीन हातच विणून झाली होती आणि मला फट दिसली. तुझा धोटा आला नव्हता. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, सदू. मी आधी किनार पाहिली. करवतीचा एक दात चुकला होता. मी म्हटलं, "धोटा सोडला का बे? झोपला काय?"

मग पाहिलं. तुझा उजवा हात छातीवर होता. डावा मांडीवर पडला होता, कोणाचा तरी ठेवल्यासारखा. आणि तुझ्या कपाळावर घाम होता. वर पंखा चालू होता.

"काही नाही," तू म्हणालास. "हात भरून आला. दुखून राहिला थोडा."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "नवीन जन्मवाला पर्वतसिंग झाला का गा तू? जिना चढला की बसला?"

तू हसलास. खरंच हसलास. आणि म्हणालास, "घरी नोको सांगजो. शेवंता उगीच दवाखाना दवाखाना करते. उद्या पाहू."

मी म्हटलं, "मी काहून सांगतो?" आणि म्हटलं, "ही ओळ उसव आधी. फट घेऊन पुढे नाही जायचं."

आणि तू उसवलीस. त्या हाताने. तासभर. एक एक धागा मागे काढत होतास आणि मी शेजारी बसून किनार बरोबर निघते की नाही ते पाहत होतो. मला तेव्हा भीती वाटली होती, हेही लिहितो.  घाम पाहायला तूच शिकवलं होतंस मला. मी पाहिला, ओळखला आणि म्हटलं, काही नाही, सदू आहे, सदूला काय होते. कारण सदूला काही झालं तर मग मलाही होऊ शकतं. तू आणि मी एकाच वर्षी जन्मलो. मला तुझं नाही, माझं भेव वाटलं होतं. म्हणून बोललो नाही. दवाखाना दूर नव्हता. रमेशची मोटरसायकल दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा आवाज आला.

तू विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मला आता मिळालं आहे आणि ते मला नको आहे. ताकद होती. आढं उचललं नाही. असा माणूस कोण, ते तू कधीच सांगून ठेवलं आहेस.

माग तसाच उभा आहे. अर्धं पातळ त्याच्यावर आहे. तुझ्या बाजूला मी अजून गेलो नाही, माझ्याही बाजूला बसलो नाही. परवा माझ्या डाव्या दंडात जराशी कळ आली, बहुतेक झोपेत अवघडला असेल, तर मी अंगणात उभ्या उभ्या घामेघूम झालो. कोणाला सांगितलं नाही. सांगायची सवयच नाही. आपल्या दोघांनाही नव्हती.

इथपर्यंत लिहून मी कागद घडी करून खिशात ठेवला होता. मासिकात छापून आलं तर वहिनी ते वाचेल. आधी छापील कागदावर कळावं आणि मग मी तोंड दाखवावं, हे मला करवलं नाही. आणि त्या दुपारच्या ओळी काढून टाकून बाकीचं द्यावं, तर तेही करवलं नाही. बसलो विचार करत. मग उठलो आणि समोरच्या रस्त्याने तुझ्या घरी गेलो.

वहिनी ओसरीत तेरवीचे तांदूळ निवडत होती. एकटीच होती. मी खाली पायरीवर बसलो. तिने पाणी विचारलं, मी नको म्हटलं. आणि सांगितलं. काही सोडलं नाही. घाम सांगितला, पर्वतसिंग झाला का म्हणालो ते सांगितलं, ओळ उसवायला लावली ते सांगितलं. 

ती निवडत राहिली. मग बोटं थांबली.

"किती वेळ उसवत होते?"

"तासभर."

"डाव्याच हातानं?"

"डाव्या."

सुपातले तांदूळ तिने एका बाजूला सारले, परत दुसऱ्या बाजूला सारले.

"संध्याकाळी जेवाले बसले तर हात लटकावून बसले होते," ती म्हणाली. "मी बोलली त्याईले. म्हटलं, वाटी धराची लाज वाटते का? असे जेवते का कोणी?  जेवले अन् उठले." आणि सुपातला एक खडा काढून टाकत म्हणाली, "मले वाटलं, कोणाले तरी सांगतलं असन. नुसतं माह्यापासूनच लपवलं असन. म्हणून विचारून राहिली सगळ्याईले."

 मी खिशातले कागद काढून तिच्यासमोर धरले. "हे छापायला देऊ का नको, तुम्ही सांगा."

तिने हात लावला नाही. "द्या छापाले. खरं आहे ते. पण मले वाचून नका दाखवू." आणि मग, "जा तुम्ही आता."

भाऊजी म्हणाली नाही. एवढ्या वर्षांत मला भाऊजी म्हटल्याशिवाय तिने कधी निरोप दिला नव्हता.

मी उठायला गेलो आणि उठता येईना. छातीत नव्हतं काही, सदू.  पायरीवर हात टेकला, तो घसरला. पुन्हा टेकला. ती पाहत होती. मला एकच वाटत होतं, आता कोणीतरी बाहेरून यावं आणि तिने आत जावं, म्हणजे मी कसातरी भिंत धरून निघून जाईन. कोणी आलं नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "मले भेव लागून राहिलं. उठता येत नाही. हात द्या."

असं मी जन्मात कोणाला म्हटलं नाही. तुलाही नाही.

ती बसूनच राहिली. मला वाटलं ऐकलं नाही, आणि पुन्हा म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. मग तिने सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, खाली आली आणि माझ्या कोपराखाली हात घातला. ओढलं. मी हललो नाही.

"तुमीबी जोर लावा ना थोडा, भाऊजी," ती म्हणाली. "मी एकटी कशी उचलू?"

लावला, सदू. होता तेवढा.